बोट ठेवा, गाणं तयार

दाबलं की वाजलं पाहिजे. आमच्या घरातला हा पहिला नियम, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक. बाबांचा दारावरच्या बेलचा कारखाना होता. दाबल्यावर वाजत नाही ती बेल बिघडलेली आणि हाक मारल्यावर उठत नाही ते पोरही बिघडलेलं, असं त्यांचं सरळ मत. त्यांच्यामागं कारखाना आम्हा दोघा भावंडांकडे आला. यंत्रं, तारा आणि सोल्डरचा धूर माझ्या वाट्याला. दुकानदार, सवलती आणि गोड बोलणं धाकट्याच्या. वाटणी अगदी चोख होती, कारण मला गोड बोलता येत नाही आणि त्याला साधा फ्यूज बदलता येत नाही.

पुढं मी एक वाद्य बनवलं आणि ते काही या नियमात बसेना. सगळं भांडण एवढंच.

दिसायला ते साधं होतं. हातभर लांबीची लाकडी पेटी, आत सर्किट, एका टोकाला स्पीकर, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या रबराची एक पट्टी. ना काळी-पांढरी बटणं, ना तारा. पट्टीवर बोट जिथं ठेवाल तो सूर आणि बोट जितकं दाबाल तितका आवाज. बोट सरकलं की सूर सरकतो, बोट थरथरलं की सूरही थरथरतो. हलकं टेकवलं तर शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच गुणगुणतंय असं वाटतं, आणि भार वाढवत नेला की तोच सूर छाती भरून उभा राहतो. विजेवर चालणाऱ्या वाद्यात इतकं मऊ काही मी तरी ऐकलं नव्हतं. मी बनवलंय म्हणून म्हणत नाही. बरं, बनवलंय म्हणूनही म्हणते.

फक्त ते शिकावं लागायचं.

पहिल्यांदा ते आत्या शिकली. आत्या म्हणजे बाबांची बहीण. बेलच्या कॉइलना तार गुंडाळण्यात तिचं उभं आयुष्य गेलेलं. तोंडानं फटकळ, पण बोटं हळवी, कारण केसाएवढी तार न तुटता ओढायची तर भार बोटाला कळावा लागतो. तरीही पहिले कितीतरी दिवस तिच्या खोलीतून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे आवाज यायचे. शेजारी चौकशीला आले. "मांजर नाही, मीच आहे," आत्या म्हणाली, "आणि अजून बरेच दिवस असणार आहे. कापूस घाला कानात."

मग एका दुपारी, कारखान्यात सगळे डबे उघडून बसलेले असताना, तिनं पट्टीवर एक बोट टेकवलं आणि एकच सूर धरला. धरला, वाढवला, किंचित खाली उतरवला आणि सोडून दिला. बस्स. पॅकिंगच्या बाईंचा घास हातातच राहिला. मी पाठ फिरवून उगाच पान्हे आवरत बसले, कारण मला रडू येत होतं आणि मालकिणीनं कामगारांसमोर रडायचं नसतं.

धाकटा दारात उभा होता. त्याचे डोळे चमकले. "ताई, हे खपणार!" तो म्हणाला. माझ्या वाद्याचं वाटोळं व्हायला तिथून सुरुवात झाली.

त्यानं एक जाहिरातवाले आणले. गृहस्थ इतके गुळगुळीत बोलायचे की त्यांचा शब्द टेबलावर ठेवला असता तर घरंगळून खाली पडला असता. बाबांच्या जुन्या खोलीत बैठक बसली. वाद्य मधोमध टेबलावर. त्यांनी ते या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं, लांबून डोळा बारीक करून पाहिलं. हात मात्र चहाच्या कपावरून हलला नाही.

"शिकायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"हात चांगला असेल तर दोन-चार महिने. पुढं जन्मभर."

रिपोर्ट वाईट आल्यावर डॉक्टर बघतात तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, हे वाक्य पुन्हा कुणासमोर बोलू नका."

"का? खरं आहे ते."

"ताई, बाबा काय म्हणायचे?" धाकटा मध्ये पडला. "बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही पडून राहतात. म्हणून तर बोलणारा माणूस आणलाय."

बोलणारा माणूस हवा हे मलाही मान्य होतं. मी काही घरात बसून कुणीतरी येईल म्हणणारी बाई नव्हे. पण हे दोघं आंबेच बोरं म्हणून विकायला निघाले होते. आठवड्याभरात खोका तयार होऊन आला. त्यावर एक गुबगुबीत मूल खदाखदा हसत होतं आणि त्याचं बोट पट्टीच्या जवळपासही नव्हतं. वाद्याचं नाव ठेवलं होतं 'झटपट'. खाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं: 'शिकायला नको, सरावाला नको. बोट ठेवा, गाणं तयार!'

"गाणं?" मी म्हणाले. "बोट ठेवलं की बोंब तयार होते. गाणं फार नंतर."

"लोकांना वेळ नाही ताई," जाहिरातवाले म्हणाले.

"ज्यांना आहे त्यांना विकू."

"असे असतात किती?"

"शोधलेत का तुम्ही?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. शोधणं हा त्यांच्या कामाचा भाग नसावा. मग जाहिरातवाल्यांनी हळूच सुचवलं की पेटीच्या कोपऱ्यात एक छोटंसं बटण बसवलं, दाबलं की आपोआप एखादी धून वाजेल असं, तर फारच सोयीचं होईल. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. बटण काही मी बसवू दिलं नाही. खोका त्यांचा, पेटी माझी, असा तह झाला, आणि मी जिंकले अशा खुशीत आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

माल बाहेर पडला. बाहेर म्हणजे कुठं, तर आमच्या बेल जिथं जातात तिथं. बल्ब, पंखे, स्विच विकणाऱ्या विजेच्या सामानाच्या दुकानांत. धाकट्याला तेच दुकानदार माहीत, तेच त्याला ओळखतात; दुसरीकडं जावं हे त्याच्या मनातही आलं नाही. सुरुवातीला बरा खप झाला. मग खोके परत यायला लागले. वाजत नाही. ओरडतं. मुलगी घाबरली. एका गृहस्थांनी तर फोनवर सांगितलं की गाणं आत अडकलंय, तेवढं बाहेर काढून द्या. परत आलेली प्रत्येक पेटी मी उघडली, तपासली, वाजवली. एकीतही दोष नव्हता. ज्यांना शिकायचंच नव्हतं त्यांनी ती घेतली होती, आणि जे शिकले असते त्यांना ती आहे हेच माहीत नव्हतं. गाणंबजावणं करणारा माणूस 'झटपट' मागायला पंख्याच्या दुकानात कशाला जाईल?

शेवटी मीच बाजारात गेले, आमच्या सगळ्यात जुन्या दुकानदाराकडं. तो धाकट्याला ओळखायचा, मला नाही. दुकानात शिरले आणि मला माझं वाद्य सापडेना. कपाटं पाहिली, काउंटर पाहिला. मग भिंतीकडं नजर गेली.

तिथं आमच्याच कारखान्यातून जाणारा बेलचा फळा होता. दुकानात बेल ऐकवायची असते, म्हणून आम्ही एका फळ्यावर सगळे नमुने ठोकून, प्रत्येकाखाली एक बटण जोडून देतो. वरच्या रांगेत पक्ष्यासारखी वाजणारी, मधल्या रांगेत टिंगटाँग, आणि सगळ्यात खाली माझं वाद्य. आडवं ठेवून वाजवायचं ते उभं करून, चार स्क्रूंनी आवळलेलं. पट्टी मळू नये म्हणून तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद तसाच, वर चिकटपट्टी मारून. आणि खाली एक पांढरं बटण.

ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते.

तेवढ्यात एक माणूस बल्ब घ्यायला आला. खांद्याला व्हायोलिनची पेटी. त्याचं लक्ष फळ्याकडं गेलं. "हे खालचं काय आहे?"

"हे होय? संगीत!" असं म्हणून दुकानदारानं बटण दाबलं.

भ्यां.

एकच सूर, पूर्ण ताकदीनं, सपाट. बटण सोडेपर्यंत भ्यां.

"मुलांचं खेळणं का?" व्हायोलिनवाल्यानं विचारलं.

"हो तर. शिकायलाच नको!"

"मग आमच्या काय कामाचं," तो हसला, बल्ब घेऊन चालायला लागला.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "ते असं वाजवायचं नसतं." मी पुढं होऊन नखांनी तो प्लास्टिकचा कागद टराटरा ओढून काढला आणि पट्टीवर बोट ठेवलं. काहीच नाही. दाबलं. काहीच नाही. बटण चालावं म्हणून आमच्या फिटरनं पट्टीची जोडणीच तोडून टाकली होती. मी माझ्या हातांनी बनवलेलं वाद्य माझ्या बोटाला ओळख देईना, आणि तो माणूस दाराशी उभा राहून पाहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो निघून गेला.

मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. तो माझ्याकडं असतोच; इतर बायका कंगवा ठेवतात. चारी स्क्रू काढून पेटी काखेत मारली, तेव्हा दुकानदार काउंटरवरून उडी मारायच्या बेतात होता.

"बाई, भरदिवसा दुकान लुटताय का?"

"माझंच आहे हे. मी बनवलंय."

"तुम्ही?" तो थबकला. त्याचा राग एकदम उतरला. "मग बरं झालं भेटलात. कधीपासून विचारायचं होतं. हे वाजतं कसं?"

मी तडक कारखान्यात आले आणि ती पेटी धाकट्याच्या टेबलावर आदळली. बिलं उडाली.

"पट्टी कुणी तोडली?"

"मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नाही, तेवढा एक गुण. "दुकानात येणारा जाणारा पट्टीवर काहीही करायचा, आणि ते ओरडायचं. गिऱ्हाईक पळायचं ताई. बटणानं निदान एकसारखं तरी वाजतं. दाबलं की वाजलं पाहिजे. बाबाच म्हणायचे ना?"

"बाबा बेलबद्दल म्हणायचे रे!"

"आपण बेलवालेच आहोत." मग तो खाली बघत म्हणाला, "तुला सांगणारच होतो. गोदामात आता पाय ठेवायला जागा नाही. पेट्या अर्ध्या कापायच्या, पट्टी काढून टाकायची, आत एक धून भरायची आणि बटण लावायचं. संगीत बेल. जाहिरातवाले म्हणतात, हातोहात खपतील. उद्या सुतार येतोय."

भांडण अर्धवट टाकून मी बाहेर पडले. तशी वेळ माझ्यावर फार कमी येते.

सकाळी करवतीला धार लावल्याचा आवाज ऐकूनच मी आत्याच्या खोलीत गेले. ती पायात चपला घालून तयार बसली होती. "चल," म्हणाली, "मला सगळं ऐकू येतं. कान अजून कामावर आहेत."

गोदामात हसऱ्या मुलांच्या खोक्यांची रास छतापर्यंत गेली होती. खाली लाकूड कापायच्या घोडीवर पहिली पेटी आवळलेली, तिच्यावर पेन्सिलीची रेघ, शेजारी सुतार आणि धाकटा. मला बघून धाकट्यानं खांदे ताठ केले. तो भांडणाच्या तयारीत होता. मी भांडले नाही. रासेतली एक पेटी उघडली, वायर लावली आणि त्याच्या समोर ठेवली.

"काप," मी म्हणाले. "सगळ्या काप. पण आधी ही वाजव."

"मी?"

"तूच. इतकी दुकानं फिरलास, इतक्या लोकांना सांगितलंस. वाजव एकदा, मग तू आणि तुझी करवत."

त्यानं सुताराकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. मग बेल दाबतात तसा अंगठा पट्टीवर दाबला. पेटीनं अशी किंकाळी फोडली की सुताराच्या हातून करवत पडली.

"बघितलंस?" धाकटा ओरडला. "हेच! हेच लोक सांगतात!"

"बेल नाही ती, गधड्या," आत्या म्हणाली. "झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवतोस ना? तसं बोट ठेव."

त्याचं मूल तेव्हा पाळण्यातच होतं. त्यानं बोट ठेवलं. पेटीतून आवाज आला, अगदी बारीक, कुणाला उठवायचं नसल्यासारखा. तो दचकला, पण बोट उचललं नाही. किंचित दाबलं, सूर किंचित भरला. सैल सोडलं, सूर मागं सरला. त्यानं बोट थोडं पुढं सरकवलं आणि सूरही त्याच्याबरोबर निघाला, जरा वेडावाकडा, जरा बेसूर.

"ताई," तो म्हणाला, "मी हळू केलं की हे हळू होतंय."

तेव्हा मला कळलं. "तू याला कधी हातच लावला नव्हतास?"

त्यानं पट्टीवरचं बोट उचललं.

"इतके दिवस विकतोयस. एकदाही नाही?"

"बटण दाबायचो," तो पुटपुटला. "पट्टीला नाही. आत्याचं ऐकलं होतं ना. मला वाटलं, आपल्याला काही येणार नाही. उगाच चार लोकांत हसू."

शिकायला नको, शिकायला नको, असं गावभर ओरडत फिरणारा माझा भाऊ, शिकता येणार नाही या भीतीनं लांब उभा होता. मला त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. घोडीवरची पेटी सोडवली.

"आता उशीर झालाय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "झटपट हे नाव बाजारात बसलंय. दुकानदार आता फुकट दिलं तरी ठेवणार नाहीत. जाहिरात पुन्हा केली तरी लोक म्हणतील, तेच ओरडणारं खेळणं."

"दुकानदार हवेत कुणाला? या पेट्या मला दे. पट्टी बनवायचं यंत्र विकायचं नाही. आणि रस्त्याकडची खोली दे, बाबा नमुने ठेवायचे ती."

"नाही चालणार ग ताई. मी बाजार बघितलाय."

"नाही चाललं तर नाही चाललं. पण बुडायचं तर स्वतःच्या नावानं बुडेल. दुसऱ्याच्या खोट्यानं नाही."

त्यानं सोडवलेल्या पेटीवरची पेन्सिलीची रेघ अंगठ्यानं पुसून टाकली. मग सुताराला म्हणाला, "करवत राहू द्या. ताईला एक पाटी करून द्या."

खोके आम्ही रद्दीत घातले. ती हसरी मुलं जाताना मला भलताच आनंद झाला. पेटीवरचं 'झटपट' आत्यानं आणि मी पॉलिश कागदानं घासून काढलं. एकेका पेटीला नखं झिजली. रस्त्याकडच्या खोलीच्या दाराला बाबांनी लावलेली बेल होती, तीही मी काढली. बेलवाल्यांच्या घराला बेल नसलेलं दार, आख्ख्या गल्लीत हसं झालं. होऊ दे. दारावर पाटी लावली: 'हे वाद्य शिकावं लागतं. पहिले काही महिने ते मांजरासारखं ओरडेल. घाई असलेल्यांनी शेजारच्या दाराची बेल दाबावी.'

जाहिरातवाले हिशेब मिटवायला आले तेव्हा पाटी वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, अशानं कुणी येणार नाही."

"जे येणार नाहीत त्यांच्यासाठीच लावलीय," मी म्हणाले.

फारसं कुणी आलं नाहीच. उगाच गोष्ट सजवून सांगत नाही. दुकानांनी आमचं नाव टाकलं ते टाकलंच, आणि गोदामातली रास अजून छताला टेकलेली आहे. पण त्या व्हायोलिनवाल्याला मी शोधून काढलं. तो राहायचा त्या जिन्यावर, बॅटरी जोडलेली पेटी मांडीवर घेऊन बसले आणि तो बाहेर येईपर्यंत वाजवत राहिले. माझा हात काही आत्यासारखा नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी ओतायची धमकी दिली. तो मात्र पायरीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. त्यानं एक पेटी नेली. मग त्याच्या ओळखीची एक गाणारी बाई आली, मग तिचा एक चिडका दीर. आत्या दाराशी खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याला आधी पट्टीवर बोट ठेवायला लावते. पहिल्या किंकाळीला जो हात मागं घेतो त्याला म्हणते, "तू बाबा बेल घे." जो दुसऱ्यांदा बोट ठेवतो त्याला चहा मिळतो.

रोज कारखाना बंद झाला की त्या बिनबेलच्या दारावर टकटक होते.

"कोण?" आत्या विचारते.

"मी," धाकटा म्हणतो.

"कालचा सराव केलास?"

"थोडा."

"मग पलीकडच्या खोलीत जा आणि उरलेला कर."

मग पलीकडून सुरू होतं. त्याचा हात जड आहे, बाबांसारखा. परवा शेजारी पुन्हा चौकशीला आले, की अजून मांजर पाळलं का म्हणून.

"मांजर नाही," मी म्हणाले. "माझा भाऊ आहे. आणि अजून बरेच दिवस असणार आहे."